सहा विमानं आदळूनही ‘लॅफी’ बुडाली का नाही?

१६ एप्रिल १९४५. ओकिनावा बेटाच्या उत्तरेच्या समुद्रात पहाऱ्यावर असलेल्या ‘लॅफी’ या अमेरिकन विनाशिकेवर सकाळी साडेआठच्या सुमारास जपानी विमानांनी हल्ला चढवला. पुढच्या ८० मिनिटांत विमानं २२ वेळा चालून आली. त्यातली सहा आत्मघातकी हल्ल्यात जहाजावर येऊन आदळली आणि चार बॉम्बही लागले. जहाजावरच्या ३३६ माणसांपैकी ३२ मरण पावली, ७१ जखमी झाली. सुकाणू अडकलं, मागचा तोफेचा मनोरा उद्ध्वस्त झाला, पिछाडीच्या कप्प्यांत पाणी भरलं. तरीही जहाज तरंगत राहिलं.

हे ऐकल्यावर वाटतं की जहाज फार भक्कम असणार. प्रत्यक्षात विनाशिका (डिस्ट्रॉयर) म्हणजे मोठ्या युद्धनौकांच्या मानाने अगदी पातळ अंगाची नौका. खलाशी तिला ‘पत्र्याचा डबा’ म्हणायचे आणि ते शब्दशः खरं होतं. ‘लॅफी’ ज्या समनर वर्गातली, त्या जहाजांची लांबी सुमारे ११५ मीटर आणि रुंदी जेमतेम साडेबारा मीटर. इंजिनांच्या आजूबाजूला, म्हणजे जिथे सर्वांत जास्त जपायला हवं तिथेही, पोलाद दोन सेंटीमीटरपेक्षा कमी जाडीचं. तुलनेसाठी, जपानच्या ‘यामातो’ या युद्धनौकेच्या कुशीवरचं चिलखत ४१ सेंटीमीटर जाड होतं. मग विनाशिका वाचायची कशाच्या जोरावर? दोन गोष्टींच्या. एक म्हणजे जहाजाच्या पोटाची वाटणी कशी केली आहे, आणि दुसरी म्हणजे मार लागल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत खलाशी काय करतात.

पातळ अंग कशासाठी

विनाशिकेला वेग लागतो. ताफ्याभोवती फिरत राहायचं, पाणबुडीच्या मागे धावायचं, मोठ्या जहाजाच्या तोफांखाली शिरून टॉर्पेडो सोडून बाहेर पडायचं, या सगळ्यासाठी ३४-३५ नॉट, म्हणजे ताशी ६३ ते ६५ किलोमीटर वेग हवा. समुद्रात वेग वाढवणं भयंकर महाग पडतं. ढोबळ हिशेब असा, की वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. म्हणून जेमतेम २,२०० टनांच्या या जहाजात ६०,००० अश्वशक्तीची यंत्रं बसवलेली असत. वजनाची सगळी चैन तिथेच संपते. जाड चिलखत लावलं की वेग गेला, आणि वेग गेला की त्या जहाजाला काही कामच उरत नाही.

यंत्रं म्हणजे चार बॉयलर आणि दोन टर्बाइन. बॉयलरमधली वाफ वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चाळीसपट दाबाची आणि साडेचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली. इतकी तापलेली वाफ डोळ्यांना दिसत नाही. किटलीतून निघताना दिसतो तो पांढरा ढग थंड होत चाललेल्या वाफेचा असतो. इथे नळीला बारीक चीर पडली तर फक्त कर्कश शिट्टी ऐकू येते. मग खलाशी लाकडी दांडा पुढे धरून हळूहळू सरकवत नेत. जिथे दांडा चिरला जाई, तिथे गळती. हात पुढे करून शोधणाऱ्याचा हात गेला असता. लढाईत बॉयलर रूममध्ये गोळा फुटला तर तिथली माणसं बहुतेक वेळा आगीपेक्षा आधी वाफेने जात, ही या जहाजांवरची सर्वांत कठीण गोष्ट होती.

आता वाटणी बघा. चारही बॉयलर एका खोलीत आणि दोन्ही टर्बाइन दुसऱ्या खोलीत ठेवणं सोयीचं झालं असतं. पण मग एका टॉर्पेडोत जहाज ठप्प. म्हणून रचना एकाआड एक असे: पुढून मागे जाताना आधी एक बॉयलर रूम, मग तिची इंजिन रूम, मग दुसरी बॉयलर रूम आणि दुसरी इंजिन रूम. प्रत्येक जोडी जहाज पुढे ढकलणारा पाण्याखालचा एक पंखा (प्रॉपेलर) फिरवते. मधल्या पोलादी भिंती तळापासून वरपर्यंत सलग, आणि त्या भिंतींत खाली दारं नाहीत. एका खोलीतून शेजारच्या खोलीत जायचं तर शिडीने वर डेकवर यायचं आणि पलीकडच्या शिडीने उतरायचं. रोजच्या कामाला हे अतिशय त्रासाचं, पण दारच नसेल तर ते उघडं राहण्याची भीतीही नाही.

याचा उपयोग काय होतो, ते २५ ऑक्टोबर १९४४ ला फिलिपिन्समधल्या समार बेटाजवळ दिसलं. फ्लेचर वर्गातली ‘जॉन्स्टन’ ही विनाशिका जपानच्या अवजड युद्धनौका आणि क्रूझर (त्यांहून लहान लढाऊ जहाजं) यांच्या ताफ्यावर एकटीच चालून गेली. तिने दहाही टॉर्पेडो सोडले आणि ‘कुमानो’ या क्रूझरची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उडवलं. त्यानंतर लगेच तिला युद्धनौकेचे जड गोळे लागले. मागची इंजिन रूम गेली, वेग १७ नॉटवर आला, सुकाणूची वीज गेली. पण पुढची जोडी चालू होती, म्हणून जहाज अजून दोन-अडीच तास लढत राहिलं. कप्तान अर्नेस्ट इव्हान्स पिछाडीला जाऊन उभे राहिले आणि उघड्या झाकणातून खाली ओरडून हुकूम देऊ लागले. खाली खलाशी हातांनी पंप मारून सुकाणू वळवत होते. ‘जॉन्स्टन’ शेवटी १० वाजून १० मिनिटांनी बुडाली. ३२७ पैकी १८६ जण गेले, इव्हान्सही त्यांत होते.

त्याच लढाईत पातळ पत्र्याचा एक अनपेक्षित फायदाही दिसला. युद्धनौकांचे काही चिलखतभेदी गोळे एका बाजूने घुसून दुसऱ्या बाजूने न फुटता निघून गेले. जाड चिलखतावर आदळल्यावर थोड्या उशिराने फुटावेत अशी त्यांची रचना असते. इथे त्यांना अडवायला काहीच नव्हतं. अर्थात भोकं पडलीच, आणि त्यातून पाणी आलंच.

‘लॅफी’ तिथे एकटी का होती

ओकिनावावर उतरलेल्या सैन्याची रसद शेकडो जहाजांतून येत होती. त्या जहाजांवर जपानहून आत्मघातकी विमानं येत. त्यांची चाहूल लवकर लागावी म्हणून बेटाभोवती ठरावीक जागांवर रडार असलेल्या विनाशिका उभ्या केल्या होत्या. जागा क्रमांक १ जपानकडून येणाऱ्या वाटेवर होती आणि तिथला मार सर्वांत जास्त. १६ तारखेला तिथे ‘लॅफी’ होती. सोबतीला दोन छोट्या तोफनौका होत्या.

रडार असताना जहाज इतकं पुढे पाठवायची गरज काय, असा प्रश्न पडतो. कारण पृथ्वी गोल आहे. रडारच्या लहरी जवळजवळ सरळ जातात. अँटेना ३० मीटर उंचीवर आणि विमान तीन हजार मीटरवर असेल तर मधे क्षितिज येत नाही, ते लांबूनच दिसतं. तेच विमान पाण्यापासून ५० मीटरवरून आलं तर पन्नासेक किलोमीटरच्या आत येईपर्यंत क्षितिजाआड लपून राहतं. ताशी ४०० किलोमीटरच्या वेगाने ते अंतर आठ मिनिटांत संपतं. आठ मिनिटांत आपली लढाऊ विमानं योग्य जागी नेणं फार अवघड. म्हणून डोळाच पुढे नेऊन ठेवायचा.

जहाजावर ब्रिजजवळच्या (कप्तान जिथून जहाज चालवतो त्या जागेजवळच्या) एका अंधाऱ्या खोलीत ही सगळी माहिती जमा होई. तिथे पारदर्शक फळा उभा केलेला असे. खलाशी फळ्याच्या मागे उभे राहून विमानांची जागा, दिशा, उंची उलट्या अक्षरांत लिहीत, म्हणजे समोरच्या अधिकाऱ्याला ती सुलट दिसे आणि लिहिणाऱ्याचं अंग मधे येत नसे. डोक्याला टेलिफोनचे हेडफोन आणि हातात मेणाची पेन्सिल. विमानांना रेडिओवरून वाट दाखवणारी खास तुकडीही अशा जहाजांवर चढवलेली असे. इथला एक चुकीचा आकडा म्हणजे आपली लढाऊ विमानं रिकाम्या आकाशात.

सात सेकंदांचं गणित

चालून येणाऱ्या विमानाला तीन कड्यांतून यावं लागे. सर्वांत बाहेरचं कडं पाच इंची तोफांचं. ‘लॅफी’वर अशा सहा तोफा, तीन मनोऱ्यांत दोन-दोन. गोळा सुमारे २५ किलोचा आणि दारूची नळी वेगळी, म्हणजे प्रत्येक बाराला दोन वस्तू उचलून ठेवाव्या लागत. तरबेज तुकडी मिनिटाला १५ बार सहज काढी, काही त्याहून जास्त. चार सेकंदाला एक गोळा. असं दहा मिनिटं करून पाहिलं तर त्या बंद मनोऱ्यातल्या माणसांचे हात कसे भरून येत असतील, याचा अंदाज येतो.

नेम धरण्याचं काम माणसाच्या डोळ्यांवर सोडलेलं नव्हतं. ब्रिजच्या वरच्या ‘दिग्दर्शक’ नावाच्या नेमयंत्रातून विमानाचं अंतर आणि दिशा मिळे, आणि जहाजाच्या पोटातलं सुमारे दीड टनाचं यांत्रिक गणकयंत्र दातेरी चाकं आणि कॅम फिरवून उत्तर काढी: गोळा तिथे पोहोचेल तेव्हा विमान कुठे असेल. मनोरे आपोआप त्या दिशेला वळत. १९४३ पासून गोळ्याच्या टोकात छोटं रेडिओयंत्रही बसवायला लागले. विमान जवळ आलं की गोळा आपणहून फुटे, थेट लागायची गरज नसे. विमानविरोधी तोफांच्या दृष्टीने या युद्धातली ही सर्वांत मोठी सुधारणा होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

मधलं कडं ४० मिलिमीटरच्या बोफोर्सचं. चार-चार गोळ्यांचे गठ्ठे वरून हातांनी घालत राहायचे. आणि शेवटचं २० मिलिमीटरच्या ऑर्लिकॉनचं, साठ गोळ्यांच्या डब्याचं. ऑर्लिकॉनचा खरा उपयोग नऊशे मीटरच्या आत. सूर मारणारं विमान सेकंदाला १४० मीटरने येत असेल तर तोफचालकाच्या हातात सहा-सात सेकंद. शिवाय इथे एक वेगळीच अडचण होती. साध्या हल्ल्यात वैमानिकाला घायाळ केलं, विमान पेटवलं की काम झालं. आत्मघातकी विमान पेटलं तरी आपल्या वेगाने येतच राहतं. त्याचे तुकडे होईपर्यंत मारावं लागतं, आणि वीस मिलिमीटरच्या गोळ्यात तेवढा दम नव्हता.

विमानं एकामागून एक आली तर हे गणित जमतं. ‘लॅफी’वर ती एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांनी आली. दिग्दर्शक एका वेळी एकाच विमानाकडे बघू शकतो. पुढे मागचा मनोरा विमान आणि बॉम्बमुळे निकामी झाला, तेव्हा जहाजाची पाठ उघडी पडली आणि विमानं मुद्दाम मागून येऊ लागली. उरलेल्या मनोऱ्यांतली माणसं मग आपल्याच दुर्बिणीतून नेम धरून मारत राहिली.

सुकाणू अडकतं तेव्हा

पिछाडीला पडलेल्या एका बॉम्बने सुकाणूच्या हायड्रॉलिक नळ्या तोडल्या. सुकाणू डावीकडे २६ अंशांवर अडकलं. विनाशिकेचा बचाव वेगात आणि वळणात असतो. विमान कुठून येतंय ते बघून जहाज आडवं करायचं, म्हणजे जास्तीत जास्त तोफा त्याच्यावर रोखता येतात. आता ‘लॅफी’ फक्त गोल गोल फिरू शकत होती. कप्तान ज्युलियन बेक्टन यांच्या हातात एकच गोष्ट उरली: वेग कमी-जास्त करणं. पण वेग वाढवला की वारा लागून आगी भडकत आणि कमी केला की जहाज सोपं लक्ष्य होई. ब्रिजवरून इंजिन रूमला मिनिटामिनिटाला हुकूम जात राहिले. खाली व्हेंटिलेशनच्या नळ्यांतून धूर यायला लागला होता. पंखे बंद करावेत तर उकाडा असह्य होतो, चालू ठेवावेत तर धूर आत येतो. त्या खोल्यांतल्या माणसांनी यंत्रं थांबू दिली नाहीत, म्हणून पंपांना दाब आणि तोफांना वीज मिळत राहिली.

आग आणि पाणी, दोन्ही शत्रू

लढाईचा भोंगा झाला की विनाशिकेवर सगळ्यात आधी होतं ते दारं बंद करणं. प्रत्येक दाराला आणि झाकणाला खूण असते, कोणतं कधी बंद हवं याची. दाराच्या कडेला रबराची पट्टी, आणि ती दाबून बसवणारे खिटे. खिटा एक जरी सैल राहिला तरी त्या कोपऱ्यातून पाणी फवाऱ्यासारखं येतं. रबराला रंग लागलेला असेल तर ते कडक होतं आणि दार घट्ट बसत नाही. म्हणून रबरावर रंग लावायची सक्त मनाई असे. एवढ्याशा गोष्टीवर पूर्ण कप्पा अवलंबून असतो.

माणसांचीही तयारी असे. बाह्या खाली, पॅंट मोज्यांत खोचलेली. स्फोटाचा झोत क्षणभराचा असतो, पण उघडी कातडी भाजायला तो पुरतो. साधं सुती कापडही त्यातून वाचवतं.

दुरुस्तीच्या तुकड्या पुढे, मधे आणि मागे अशा वेगवेगळ्या ठेवत. एका बॉम्बमध्ये सगळे जाणकार जायला नकोत. त्यांच्याजवळ लाकडी खुंट्या, पाचरी, गाद्या, चौकोनी तुळया, करवत, श्वासाची उपकरणं आणि पेट्रोलवर चालणारे पंप. भोक लहान असेल तर खुंटी ठोकायची. मोठं असेल तर गादी दाबून तिच्यावर फळी आणि फळीला तुळईचा टेकू. टेकू सरळ लावला तर सरकतो, म्हणून दोन्ही टोकांना पाचरी ठोकतात आणि जहाज हलेल तसं त्या पुन्हा पुन्हा तपासत राहावं लागतं. पाणी पूर्ण थांबवायचं नसतंच. पंप जेवढं उपसतो त्याहून कमी यावं, एवढं पुरतं.

विमान आदळलं की त्याच्या टाकीतलं पेट्रोल डेकवर पसरतं आणि भोकांतून खाली उतरतं. त्यावर पाण्याची सरळ धार मारली तर जळतं पेट्रोल उडून आणखी पसरतं. म्हणून नळाच्या तोंडाला वेगळी जाळी लावून पाण्याचं धुकं करायचं. बारीक थेंब उष्णता झपाट्याने शोषतात आणि नळ धरणाऱ्यासमोर थंड पडदाही उभा राहतो. न्यूयॉर्क आणि बोस्टनच्या अग्निशमन दलातल्या अनुभवी माणसांनी नौदलाला हे शिकवलं आणि हजारो खलाशांकडून खरी आग विझवून घेतली. युद्धाच्या सुरुवातीला ही शिकवणी नव्हती आणि त्यापायी जहाजं गेली.

आगीजवळ दारूगोळा असेल तर दोन उपाय: कोठारात पाणी सोडायचं, नाहीतर गोळे समुद्रात फेकायचे. ‘लॅफी’वर खलाशांनी तापलेले गोळे हातांनी उचलून कठड्याबाहेर टाकले. धुराने भरलेल्या डिझेल जनरेटरच्या खोलीत दोघे अडकले होते. त्यांना आधी छिद्र पाडून हवा दिली आणि मग बाहेर काढलं.

आणि आता पाणी. पेट्रोलवर चालणारा मोठा पंप मिनिटाला सुमारे १,९०० लिटर पाणी फेकतो, म्हणजे जवळजवळ दोन टन. आगीवर दहा मिनिटं मारलं की १९ टन पाणी जहाजाच्या आत. ते वरच्या मजल्यांवर साचलं तर फार वाईट. जहाज डावीकडे कललं की पाणीही डावीकडे धावतं आणि कल वाढवतं. पसरट ताटात पाणी घेऊन चालून बघा, घोटभर पाण्यानेही ताट हातात राहत नाही. म्हणून आग विझवणाऱ्यांच्या मागोमाग पाणी खाली सोडणारे किंवा बाहेर फेकणारेही हवेत. आग विझली आणि जहाज उलटलं, असं होऊ शकतं.

याच तोलाचा दुसरा पुरावा हल्ल्याचा नाहीच, वादळाचा आहे. तेलाच्या टाक्या तळाला असतात. तेल संपत गेलं की तळ हलका होतो आणि वरच्या तोफा, रडार, मनोरे जड पडतात. रिकाम्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरून तोल राखता येतो, पण मग तेल घेण्याआधी ते उपसावं लागतं. तेलवाहू जहाजाची वाट बघणारा कप्तान साहजिकच टाळाटाळ करतो. १८ डिसेंबर १९४४ ला फिलिपिन्सच्या पूर्वेला आलेल्या टायफूनमध्ये ‘हल’, ‘स्पेन्स’ आणि ‘मोनाहन’ या तीन विनाशिका उलटून बुडाल्या. ‘स्पेन्स’च्या टाक्या जवळजवळ रिकाम्या होत्या. त्या वादळात ताफ्यातले ७९० जण गेले, आणि ‘मोनाहन’वरचे फक्त सहा वाचले.

मार लागल्यावर आणखी एक काम कुणीतरी आठवणीने करायलाच हवं. पिछाडीला पाणबुड्यांसाठी डेप्थ चार्ज रचलेले असतात. एकेका पिंपात १३६ किलो टीएनटी. पाण्याचा दाब ठरलेल्या खोलीइतका झाला की ते फुटतात. जहाज बुडालं तर ते जहाजासोबत खाली जातात आणि वर पोहणाऱ्या माणसांच्या पोटाखाली फुटतात. म्हणून प्रत्येक पिंपाची कळ हाताने ‘सुरक्षित’वर फिरवावी लागते. १९४२ मध्ये मिडवेजवळ ‘हॅमन’ बुडताना पाण्याखाली स्फोट झाला आणि पाण्यात उडी मारलेले कितीतरी जण त्यात गेले.

हल्ला संपल्यावर

बेक्टन यांनी याआधी एक जहाज गमावलं होतं. ‘अॅरन वॉर्ड’ एप्रिल १९४३ मध्ये ग्वाडलकॅनालजवळ बॉम्ब लागून, ओढून नेत असतानाच बुडालं. ‘लॅफी’ सोडून द्यायची का, असं विचारल्यावर त्यांनी एक तरी तोफ चालू आहे तोवर नाही, असं सांगितलं. त्यामागे जिद्द होतीच, पण त्यांना खालची परिस्थितीही कळत होती: पुढचे कप्पे कोरडे, इंजिनं चालू, पाणी फक्त पिछाडीला.

अडकलेलं सुकाणू घेऊन जहाज ओढणंही सोपं नसतं. पुढून दोर लावला तरी ते सतत एका बाजूला पळतं. टग बोटी आल्या, त्यांचे पंप जोडले गेले आणि दुसऱ्या दिवशी ‘लॅफी’ ओकिनावाच्या नांगरवाड्यात पोहोचली. तिथे भोकांवर तात्पुरते पत्रे जोडले. मग आपल्याच इंजिनांवर पॅसिफिक ओलांडून ती मे महिन्यात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेली. दुरुस्तीला घेण्यापूर्वी ती होती तशी, फाटलेल्या पत्र्यांसह, सिअॅटलच्या धक्क्यावर लोकांसाठी खुली ठेवली होती. आज ती साउथ कॅरोलिनात पेट्रियट्स पॉइंट इथे संग्रहालय म्हणून उभी आहे. मागचा मनोरा पुन्हा बसवलेला आहे.